पुठ्ठ्याची खिडकी

तुडीलची रुकय्या काळजी करण्यात पटाईत होती. एसटी सुटली की तिला गॅस आठवायचा, गॅसचं समाधान झालं की कुलूप, आणि कुलपाचं मिटेपर्यंत महाडचा स्टँड आलेला असायचा. नवरा रमजान सौदीत दम्मामला क्रेनवर कामाला. तो तर तिच्या मनात दर दोन दिवसांनी वरून पडायचा.

२००३ साल ते. रमजान शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, नमाजनंतर ईमेल लिहायचा. शनिवारी ती स्टँडजवळच्या गंधारच्या सायबर कॅफेत येऊन तो वाचायची. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. सातवी शिकलेल्या रुकय्याला एकेक अक्षर लावत जावं लागे. त्यात मेली ती जाहिरातींची जत्रा! कडेला माकड नाचतंय, वर चक्र फिरतंय, खाली लाल पट्टी लुकलुकतेय.

त्या पट्टीवर एकदा तिनं ‘अर्जंट’ एवढंच लावलं आणि लगेच गंधारला हाक मारली.

"गंधारभाऊ, त्यांना काय झालं तर नाय?"

"अहो भाभी, जाहिरात आहे ती! सगळ्यांनाच दिसते."

सगळ्यांनाच दिसते म्हटल्यावर तिची भीती गेली, पण कुतूहल चाळवलं. माकडाकडे बघायचं नाही असं ठरवून ती बसली, तरी डोळा गेलाच. पुन्हा ठरवलं, पुन्हा गेला. डोळ्याला कोण सांगतं हे? गॅसकडे मन धावतं ते असंच की काय? घरी परतताना ती हाच विचार करत राहिली.

मग तिला खाला, तिची मावशी, आठवली. लहानपणी कायदा, म्हणजे अरबी अक्षरांचं पहिलं पुस्तक, शिकवताना खाला भोक पाडलेलं पोस्टकार्ड पानावर ठेवायची. एक ओळ दिसे, बाकी सगळं झाकलेलं. पोरगी पुढं बघायला गेली की म्हणायची, "पुढचं पळून जात नाय गो."

पुढच्या शनिवारी रुकय्यानं शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा नेला. मधोमध ओळीएवढी खिडकी कापलेली. गंधार खो खो हसला. तिनं पुठ्ठा पडद्याला टेकवला आणि वरून एकेक ओळ खाली सरकवत आणला. पहिल्याच खिडकीत पत्र पाठवल्याचा वार आणि वेळ आली. मंगळवार, सकाळी दहा.

मंगळवारी दहाला हे कॉम्प्युटरवर कसे?

तिनं गंधारला मागची पत्रं उघडायला लावली. सोमवार, अकरा. बुधवार, साडेनऊ. तीन आठवडे कामाच्या वेळेची पत्रं, आणि ती स्वतः माकड बघत बसली होती! पत्रांत मात्र ‘मी मजेत’. तिनं एका बोटानं टाइप केलं, ‘कामावर का जात नाय? खरं लिहा.’

तो आठवडा कठीण गेला. मन दहा दिशांना धावलं. तिनं त्याला खालासारखं दटावलं, भाकऱ्या थापल्या, आणि कुठल्याच दिवशी रमजानला क्रेनवरून पाडलं नाही.

उत्तर आलं. क्रेनच्या शिडीवरून पाय घसरला, डाव्या पायाचं हाड मोडलं, गुडघ्यापर्यंत प्लास्टर. कॅफे खोलीखालीच, सोबती धरून आणतात. शेवटी लिहिलं होतं, ‘तुला कळवलं असतं तर तू जेवली नसतीस.’

गंधार पाणी घेऊन जवळच उभा होता. त्याला वाटलं, आता ही रडणार. रुकय्यानं शेवटची ओळ दोनदा वाचली आणि पुठ्ठा बाजूला ठेवला. माकड नाचत होतं. तिचं तिकडे लक्षही गेलं नाही.

तिनं लिहिलं, ‘मी जेवते. दर आठवड्याला पाय कसा हाय ते खरं लिहा. आठ वर्षं तुम्ही पडाल म्हणून मी घाबरत होते. आणि तुम्ही पडलात त्या दिवशी मी गॅसची काळजी करत होते.’