खाऱ्या पाण्यात चालणारं मशीन

कापूस वेचताना माझी पोत वाढली. तुटली म्हणायचं नसतं, म्हणून वाढली. काळे मणी बरेचसे झाडाखाली सापडले, पण आईच्या गळ्यातलं सोन्याचं डोरलं गेलं. तिची तेवढीच वस्तू माझ्याकडे होती. ते नक्की कमरेच्या ओटीत, वेचलेल्या कापसात पडलं असणार, आणि तो कापूस भाव यायची वाट पाहत आमच्या पुढच्या खोलीत छताला टेकला होता. मी रोज दुपारी थोडा थोडा उपसून चाचपू लागले.

आमच्या ह्यांना तो अडाणीपणा वाटला. "सोनं मातीत असते. कापसात कायले पाह्यतं?" असं म्हणून ते मोबाइलवर सोनं शोधायचं मशीन निवडायला बसले. एक नदीतले सोन्याचे कण टिपणारं, दुसरं समुद्राच्या वाळूतलं, खाऱ्या पाण्यातही न गोंधळणारं. जेवताना मला सल्ला विचारायचे. आमच्या फुलसावंगीच्या आसपास समुद्र असेलही बाई, मलाच घरकामातून दिसला नसेल. शेवटी दोन्ही कामं करणारं ठरलं. "उद्या गोव्याले गेलो तं?" म्हणाले. लग्नापासून मला पुसदच्या पुढं नेलं नाही, पण मशीनचा गोवा पक्का झाला.

अर्धा कापूस चाचपायचा राहिला होता, तेवढ्यात आईचं वर्षश्राद्ध आलं. मी बाभुळगावला भावाकडे गेले. परत आले तर पुढची खोली झाडून लख्ख, आणि मधोमध एक खोकं.

"कापूस कुठं आहे?"

"इकला. मशीन काय फुकट येते? व्यापारी दारातच आलता."

मी खाली बसले. ह्यांनी मोठ्या हौसेनं मशीन चालू केलं. ते दाराच्या बिजागरीवर वाजलं, खाटेवर वाजलं, माझ्या पायातल्या जोडव्यांवर तर कोकलत सुटलं. "पाह्य, किती पॉवरफुल आहे," म्हणाले. शेतात तर आणखी मजा येणार होती म्हणे.

कोपऱ्यात मूठभर कापूस चुकून राहिला होता. मी तो मांडीवर घेऊन बोटांनी सोडवू लागले. मला रडू आवरेना. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग जवळ येऊन त्या कापसावरून हळूच मशीन फिरवलं. वाजलं नाही.

"यात नाही," ते म्हणाले, आणि मग त्या रिकाम्या खोलीकडं बघत उभे राहिले.