मुर्रीवालीचा रोवणा

गोंदियाला आगगाडी आली त्या सुमारास माझ्या आज्याचं, टेकचंद पटल्याचं लग्न झालं. बायको धुरपता, मुर्री गावची. गोरेगावजवळच्या आमच्या छोट्या वस्तीवर, टोल्यावर, सगळे तिला मुर्रीवालीच म्हणत.

आमच्याकडे तेव्हा धान आवत्या पेरत, म्हणजे चिखलात बी फेकायचं आणि मोकळं व्हायचं. मुर्रीला आजीच्या बापाकडे मात्र रोपं वाढवून, उपटून, चिखलात एकेक रोवत. पहिल्याच पावसाळ्यात तिनं तसं करायचं म्हटलं.

आजा म्हणाला, "जमलेलं धान उपटाचं आन पुन्हा लावाचं? कायले?"

शेवटी बांधावरून शेताची वाटणी झाली. बोडीच्या तळ्याकडची बांधी तिची, अलीकडची त्याची. तिनं शेजारच्या सुमित्राबाईला सोबत घेऊन रोवणा केला. चारदोन दिवसांत रोपं पिवळी पडली, माना टाकल्या. आजा बांधावर बसून म्हणाला, "मुर्रीवाली, तुहं धान बिमार पडलं. वैदाले बलावू?"



पंधरवड्यात रोपांनी रंग धरला आणि मग फुटवेच फुटवे. आज्याचं हसणं बंद झालं. पहाटे बैल शोधायला म्हणून तो बाहेर पडू लागला. बैल गोठ्यात रवंथ करत असायचा. एकदा आजी मागोमाग गेली, तर हा तिच्या बांधीत वाकून गवत उपटत होता.

"इथं काऊन?" तिनं विचारलं.

"बैल आला असन म्हनून पाहून राहिलो."

कापणीनंतर तिची रास मोठी निघाली. बोडीचं पाणी तुझ्याकडे जास्त गेलं, असं त्याचं म्हणणं. पुढल्या साली तिनं बांध्या बदलून घेतल्या. पुन्हा तिचीच रास मोठी. तिसऱ्या साली आज्यानं न सांगता सगळ्या जमिनीत चिखलणी केली आणि बायकांना बोलावणं धाडलं.

मग गोरेगावच्या बाजारात तो भेटेल त्याला रोवणा समजावून सांगू लागला. हळूहळू टोल्यावर सगळेच रोवू लागले आणि नाव झालं आज्याचं. सुमित्राबाई चिडायची. "तू चूप काऊन राहतेस वो?"

आजी म्हणायची, "त्याइनं सांगलं तं गाव आयकते. मी सांगलं तं त्याइनंच नाई आयकलं."

अशी पन्नासावर वर्षं गेली. माझ्या लग्नात माझे सासरे दुधरामजी पंगतीत आज्याला म्हणाले, "रोवणा या भागात तुमीच आनला म्हनतेत."

आज्यानं हातातला भाताचा घास पानात ठेवला. मग पंगतभर ऐकू जाईल असं म्हणाला, "मी नाई जी. मुर्रीवालीनं आनला. मी दोन वरसं आडवा आलो."

वाढणाऱ्या बायका हसल्या. आजीनं पदर पुढं ओढला आणि त्याच्या पानात भात वाढतच राहिली, तो नको म्हणेपर्यंत. तिला किती बरं वाटलं ते त्या भातावरूनच कळलं.

आजा सत्तेचाळीसच्या आषाढात गेला. ऐन रोवण्याचे दिवस. मी माहेरी पोचले तेव्हा घरात माणसं दाटली होती, आणि काम कसं थांबवायचं यावर पुरुषांची हळू आवाजात चर्चा चाललेली. आजी कोपऱ्यातून म्हणाली, "थांबवाचं कायले? रोपाले सुतक नाई रायत."

दुसऱ्या दिवशी बायका बांधीत उतरल्या. आजी बांधावर बसून होती. मधेच डोळे पुसायची, आणि ओळ वाकडी गेली की ओरडायची.