टेनरवाले काका

"काका, कुणाची वरात हाय?" पेट्रोल भरणाऱ्याने खिडकीत वाकून विचारलं.

"वरात न्हाय. टेनर सॅक्सोफोन हाय. तू तेल टाक," काका म्हणाले आणि गाडीतल्या सीडीचा आवाज आणखी वाढवला. मी शेजारच्या सीटवर मोबाईलमध्ये बघत राहिले.

बाबांच्या या मित्राइतका अस्वस्थ माणूस इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात दुसरा नसेल. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यापासून ते रोज निरवांगीहून बारामतीला जात. काम काहीच नसे. माझी तिथली नोकरी हे त्यांना सापडलेलं निमित्त. गाडीत एकच सीडी, मुलाची, कधीतरी राहून गेलेली. जॅझ आणि ब्लूजची आठ गाणी, शब्द जवळजवळ नाहीतच. घरी पाच मिनिटं खुर्चीत न टिकणारा हा माणूस त्या संथ, जड आवाजात स्टिअरिंगवर बोटं नाचवत गाडी हाकायचा आणि गाणं संपल्याशिवाय थांबायचा नाही. माझं ऑफिस आलं आणि गाणं उरलं, तर पुढच्या चौकातून वळसा. एकदा असे तीन वळसे झाले. आत जाऊन मी साहेबांना "ट्रॅफिक" म्हणाले, काकांना काहीच नाही. उसाच्या ट्रॉलीमागे अडकलो की मात्र ते खूश असत.

मी इंग्रजी शाळेतली, म्हणून काका दर गाण्यानंतर विचारायचे, "काय म्हणतोय गं तो? तुला कळत असंल." सॅक्सोफोन इंग्रजीत बोलत नाही, हे सांगायचं धाडस मला कधी झालं नाही. मी "नाइस आहे" म्हणायचे. वर्षभर तेवढंच.

मग डॉक्टरांनी त्यांना डोळ्यांमुळे गाडी चालवायला बंदी केली. शेवटच्या दिवशी कन्हेरी मागे पडल्यावर ते म्हणाले, "उद्या पोरगा गाडी न्हेणार. सीडी बी जाईल तिच्यासंगं. खरं सांग पोरी, हे कुणी ऐकलं का, का मी एकटाच? तुझी काकू कानात कापूस घालती. बाकीची छान म्हणत्यात. तूबी तसलीच."

स्टिअरिंगवरची बोटं थांबली होती. ऑफिस आलं, गाणंही संपलेलं होतं. मी दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि पुन्हा आत घेतला.

"पाचव्या गाण्यात वाजवायच्या आधी तो श्वास घेतो," मी म्हणाले. "तो ऐकू येतो. मी रोज त्याचीच वाट बघते, काका. बाकीचं जरा लांबतं."