तोंडात नदी धरलेली चेटकीण

कादंबरीवरून सिनेमा काढणाऱ्यांची मला किळस येते, आणि जादूच्या कादंबरीला हात घालणाऱ्यांची तर जास्तच. त्याचं मूळ तेलगावजवळच्या आमच्या गावातल्या एका दुष्काळात आहे.

त्या वर्षी विहिरींनी तळ दाखवला होता. टँकर येईपर्यंत बायका घागरी रांगेला लावून लिंबाखाली बसायच्या. मी तेव्हा शाळेत होते. वाचनालयातून आणलेली एक जाडजूड जादूची कादंबरी मी तिथं वाचायला घेतली आणि ती पोथीसारखीच लागली. म्हणजे एकीनं वाचायचं आणि दुसरीनं मध्ये थांबवून अर्थ सांगायचा. वाचणारी मी, अर्थ सांगणारी माझी आत्या. नवरा गेल्यावर ती माहेरी राहायला आलेली. घरात तिचं कुणी ऐकत नसे. लिंबाखाली मात्र ती बोलायला लागली की भांडकुदळ बायकाही गप्प बसत.

कादंबरीतल्या म्हाताऱ्या चेटकिणीनं राज्याची नदी उचलून तोंडात धरलेली असते, म्हणून ती कधीच बोलत नाही.

"कावून बोलंना ती?" एकीनं विचारलं.

"बोलली की सांडंल की," आत्या म्हणाली. "अन् गिळताबी येईना. तोंडात नदी हाय, पर लई तहानलेली हाय ती बाई."

तेव्हापासून चेटकिणीची सगळ्यांना दया यायला लागली.

अर्ध्याहून जास्त पुस्तक झालं आणि साखर कारखान्याची सर्वसाधारण सभा आली. ऊस वाळत होता, सभासद चिडलेले. त्यांनी फार प्रश्न विचारू नयेत म्हणून संचालकांनी सभा संपल्या संपल्या पिक्चर ठेवला. तो नेमका आमच्याच कादंबरीवरचा निघाला. बायका हरखल्या. आत्या धुतलेलं लुगडं नेसून पडद्यासमोर पुढंच जाऊन बसली.

चेटकीण आली तीच गात. तोंडात नदी असलेली बाई गाते! तीही कोवळी नटी, धबधब्याखाली ओलीचिंब, मागं तशाच भिजलेल्या पोरी. आमच्या घागरी कोरड्या आणि इथं पाण्याची नुसती उधळण. मग नायकानं तिला तलवारीनं कापलं, नदी सुटली, त्याचं राजकन्येशी लग्न लागलं. पुरुष शिट्ट्या मारत होते. मला पडद्यावर थुंकावंसं वाटलं. गाढवाला गुळाची चव काय!

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली मी पुस्तक उघडलं.

"ऱ्हाऊ दे गं," एकजण म्हणाली. "शेवट म्हाईत हाय. मारत्यात तिला."

पुस्तकात तसं नाही, असं मी चिडून सांगितलं. पण बाकीच्या बायका नटीच्या साडीवर बोलत होत्या. आत्याला कुणी काही विचारलं नाही. ती आपली घागर पुढं सरकवत राहिली.

शेवट मी तिला एकटीला घरी वाचून दाखवला. एक तहानलेली पोर चेटकिणीपुढं ओंजळ धरते. चेटकीण तोंड उघडून म्हणते, "पी." तेवढ्या एका शब्दासाठी ती सगळी नदी सोडून देते. मी सवयीनं अर्थासाठी थांबले. आत्यानं डोळे मिटले. मग उघडले, पुन्हा घट्ट मिटले.

"काय झालं, आत्या?"

"काय सांगू, बाय. डोळं मिटलं की तीच नटी नाचतीया. माझी म्हातारी दिसंना मला."

पुढं श्रावणात देवळात पोथी लागली. बायकांनी अर्थ सांगायला आत्याला हाक मारली, तर ती म्हणाली, "मला न्हाई येत," आणि मागं खांबाला टेकून बसली.