खोटा कॉल

त्या दिवशी मी हसले होते. आधी ते सांगते.

अंधेरी पूर्वेला आमचं ऑफिस. कंपनी लिफ्टची देखभाल करते. मी तक्रारीच्या फोनवर, चौदा वर्षं. लिफ्ट बंद पडली, दार लागत नाही, माणूस आत अडकला, की फोन माझ्याकडे येतो. मी कॉम्प्युटरमध्ये लिहिते, मेकॅनिक पाठवते, तो जाऊन आला की शेरा टाकते.

कंपनीने एआय आणायचं ठरवलं. मशीन आमचे जुने शेरे वाचणार, त्यातून शिकणार, आणि यापुढे कुठल्या फोनला आधी धावायचं ते तेच ठरवणार. त्यासाठी निरंजन सर आले. पार्ल्याचे, परदेशात शिकलेले, गोड आवाजाचे. त्यांच्याबरोबर एका बाहेरच्या कंपनीची ऋता आली. पंचविशीची पोरगी, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची.

पहिल्या मीटिंगला मला बोलावलं. खुर्ची उरली नव्हती. पँट्रीतलं प्लास्टिकचं स्टूल आलं. पडद्यावर उपनगरांचा नकाशा, त्यावर लाल ठिपके.

ऋताने विचारलं, "या थोड्याच बिल्डिंगमध्ये एवढे खोटे कॉल कसे? बाकी कुठे एवढे नाहीत."

ठिपके पुनर्वसनाच्या इमारतींवर होते. झोपड्या पाडून त्या बदल्यात मिळालेल्या इमारती.

निरंजन सर म्हणाले, "तिथली माणसं तशीच असतात. काल झोपडीत होती. लिफ्ट म्हणजे खेळणं त्यांना."

टेबलाभोवती सगळे हसले.

मी पण हसले.

त्यातला एक ठिपका माझं घर होतं. कांजूरमार्ग, अकरावा मजला.

थोड्या वेळाने मी तोंड उघडलं. "सर, ते कॉल खरं म्हणजे..."

"ताई, तुम्ही फक्त शेरे वाचून दाखवा. अर्थ आम्ही लावू."

मी वाचून दाखवले. एकामागून एक. खोटा कॉल, आत कोणी नाही. खोटा कॉल, आत कोणी नाही. शब्द माझेच होते. मीच टाईप केलेले.

ते कसे टाईप झाले, तेही सांगते. माणूस अडकल्याचा फोन आला की अर्ध्या तासात मेकॅनिक पोचला पाहिजे, असं कंपनीने सगळ्या इमारतींना लिहून दिलेलं. अंधेरी पश्चिमेच्या टॉवरात तो पोचायचा. आमच्यासारख्या इमारतीत पोचायचा नाही. जुने मॅनेजर त्या दिवशी पाठवूच द्यायचे नाहीत. मग वॉचमन आणि शेजारीपाजारी लोखंडी सळई घालून दार फाकवायचे, माणसाला ओढून काढायचे. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी यायचा. आत कोण असणार? मग मॅनेजर मला म्हणायचे, "आत कोणी होतं का? नव्हतं ना? मग खोटा कॉल लिहा." मी लिहायचे. पहिल्यांदा हात अडला होता. मग अडायचा बंद झाला.

ऑफिसात मी कुठे राहते ते कुणाला माहीत नव्हतं. "कांजूरला, स्टेशनजवळ," एवढंच सांगायचे. कुणी पूर्ण नाव विचारलं की नुसतं पहिलं नाव सांगायचे. ते परत विचारायचे, "पुढे काय?" आडनाव सांगितलं की मान हलायची. "अच्छा." त्या अच्छामध्ये सगळं असायचं. त्यानंतर डबा खाताना माझ्या बाजूची खुर्ची रिकामी राहायला लागली. मी फाईल ठेवायला लागले त्या खुर्चीवर, म्हणजे ती भरलेली दिसेल.

आई मुलुंडला भांडी घासायची. चार घरं, एकाच इमारतीत. मी नऊ वर्षांची असताना सुट्टीत तिच्याबरोबर गेले. लिफ्ट खाली आली, उघडी दिसली, मी आत जाऊन उभी राहिले. आरशात स्वतःला बघत होते. एक बाई आल्या. त्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि आईला म्हणाल्या, "तुमच्यासाठी जिना आहे ना?" मग रुमालाने बोटं पुसली. आम्ही सात मजले चढलो. आई पुढे, मी मागे. तिच्या टाचांच्या भेगा माझ्या डोळ्यांसमोर. लिफ्टच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा मी आईला पेढा भरवला होता. ती म्हणाली, "आता तुला कोण बाहेर काढतंय बघू." ती आता नाही. घरात मी एकटी.

मशीन सुरू झालं. पायलट म्हणाले त्याला, म्हणजे आधी थोड्या भागात चालवून बघायचं. फोन आला की मी पत्ता टाकायचे, पडद्यावर नंबर यायचा. एक म्हणजे ताबडतोब धावा. चार म्हणजे आधी खात्री करा, मग बघू. टॉवरांना एक. आम्हाला चार. असं का, ते मला कळत होतं. मशीनने काही वेडंवाकडं केलं नव्हतं. मी जे शिकवलं तेच ते शिकलं होतं. चौदा वर्षं मी त्याला सांगत आले होते की ही माणसं खोटं बोलतात.

एके दुपारी फोन वाजला.

"हॅलो, लिफ्ट बंद पडली हा. काळोख झालोहा. माझो जीव गुदमरता गो. दार उघडूक सांग कोणाक तरी."

मी आवाज ओळखला. आमच्या मजल्यावरच्या सावंत काकू. मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो गेला. मुलगा दुबईला. सत्तरी उलटलेली, साखरेचा आजार. दुपारी इमारत रिकामी असते, माणसं कामावर. खालचा वॉचमन महिन्यापूर्वीच काढलेला.

मी ऑफिसच्या आवाजात परत परत म्हणाले, "आपली नोंद घेतली आहे." काकू, मी आहे, असं म्हणाले नाही. बाजूला सगळे बसले होते. फोन रेकॉर्ड होत होता.

पत्ता टाकला. चार. खाली ओळ आली: खोट्या कॉलची शक्यता जास्त, परत फोन करून खात्री करा. मी परत फोन केला. लागला नाही. पुन्हा केला. बंद. बहुतेक बॅटरी संपली.

निरंजन सरांच्या केबिनमध्ये गेले. नंबर बदलायचा पासवर्ड त्यांच्याकडे.

"सर, आत बाई आहे. म्हातारी आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

सांगायचं होतं, माझी शेजारीण आहे. तोंडातून आलं, "आवाज ऐकला."

"आवाज सगळेच काढतात." ते लॅपटॉपवरून नजर न काढता बोलत होते. "पायलट चालू आहे, ताई. मध्ये हात घातलात तर सगळा डेटा खराब होतो. सिस्टीमला तिचं काम करू द्या."

मी जिन्यात गेले. माझ्या मोबाईलवरून सलीमभाईंना लावला. आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक. घाटकोपरला एका कामावर होते. "सलीमभाई, कांजूरला जा. नोंद नाहीये. माझ्यासाठी जा." ते एवढंच म्हणाले, "निकला मैं."

काकूंना बाहेर काढलं तेव्हा दोन तास होऊन गेले होते. जिवंत होत्या. साडी ओली झाली होती. शाळेतून आलेली पोरं, बायका, सगळे दारात उभे. त्या सगळ्यांच्या समोरून त्यांना तशा घरी नेलं. आयुष्यभर ताठ चालत आलेली बाई. सलीमभाईंनी मला फोनवर हे सांगितलं.

संध्याकाळी मी काकूंकडे गेले. त्यांनी चहा केला. म्हणाल्या, "फोनार एक बाय होती. नोंद घेतली, नोंद घेतली, नुसता ताच म्हणा होती. दगडासारखी."

मी चहा प्यायले. सगळा. कप विसळून ठेवला. घरी येऊन दाराला पाठ लावून बसले. दिवा लावला नाही.

आठवड्याने निरंजन सरांनी बोलावलं. या वेळी खुर्ची होती. कॉफी पण. ऋता कोपऱ्यात बसलेली. समोर एक कागद. सिस्टीम सगळ्या शाखांत न्यायची होती. त्याआधी अनुभवी माणसाने जुन्या नोंदी तपासल्या, त्या बरोबर आहेत, असं लेखी हवं होतं.

"तुमच्याइतकं जुनं कोणी नाही इथे," ते म्हणाले. "माणूस आणि मशीन एकत्र आले तरच हे यशस्वी होतं. प्रेझेंटेशनमध्ये तुमचा फोटो टाकू. जरा चांगली साडी नेसून या त्या दिवशी."

मी पेन उचललं. खोटं नाही सांगत, उचललं होतं. चौदा वर्षांत कुणी माझा फोटो मागितला नव्हता. कागदावर माझं पूर्ण नाव छापलेलं, आडनावासकट. त्याखाली रेघ. नावाच्या वर शब्द: सर्व नोंदी सत्य आहेत.

पेन खाली ठेवलं.

"सही करणार नाही."

"का?"

"नोंदी खोट्या आहेत. मीच लिहिल्यात. माणसं आत होती."

ते मागे रेलले. गोड आवाज गेला. "म्हणजे चौदा वर्षं तुम्ही कंपनीला फसवलंत?"

"कंपनीच्या सांगण्यावरून. पण हात माझा होता. आणि सर, मी त्याच बिल्डिंगमध्ये राहते. झोपडीतून आलेली. तुम्ही खेळणं म्हणालात तेव्हा मी इथेच बसले होते."

मी कागद त्यांच्याकडे सरकवला आणि उठले.

दुसऱ्या दिवशी मी चार पानं लिहून दिली. हाताने, मराठीत. कुठल्या इमारती, कुणाच्या सांगण्यावरून, कसे शेरे पडले. निरंजन सरांनी पानांकडे बघितलं. "इंग्रजीत आणा."

"लोकांनी फोनवर जे सांगितलं ते याच भाषेत सांगितलं."

त्यांनी पानं बाजूला सरकवली. ऋताने ती उचलली.

त्याच आठवड्यात मला नोटीस मिळाली. खोट्या नोंदी केल्याची. जुने मॅनेजर कधीच निवृत्त झालेले, त्यांचं नाव कुठे नाही. मग घाटकोपरच्या गोडाऊनला बदली. तिथे दाराचे रोलर, वायरी, बटणं मांडून ठेवायची. फोन नाही. दिवसभर कुणाशी बोलायचं नाही. सलीमभाई सामान घ्यायला येतात, तेवढंच. जाताना म्हणतात, "संभालो."

इमारतीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. चाळीसेक माणसं होती. एकजण ओरडला, "आमची बाई असून आमच्याच नावावर खोटं लिहिलंस?" मी म्हणाले, "हो." दुसरं काय म्हणणार. काकू पुढच्या खुर्चीवर होत्या. वळून बघत राहिल्या.

"म्हणजे फोनार ता तू होतंस?"

"हो, काकू."

"नाव तरी सांगूचा होता गो."

त्या उठून गेल्या. तेव्हापासून त्यांचं दार मला उघडलेलं नाही. मजल्यावरून मी चालले की बोलणं थांबतं. ऑफिसमध्ये मी तिथली, इथे मी ऑफिसची.

तीन महिन्यांनी ऋताचा फोन आला. माझी पानं तिने वाचली होती, सलीमभाईंबरोबर चार इमारतींत जाऊन लोकांशी बोलली होती. मशीनमधून ते शेरे काढून टाकले. आता आमच्याकडेही अर्ध्या तासात मेकॅनिक येतो. सिस्टीम सगळ्या शाखांत चालू झाली, झकास चालते म्हणाली. निरंजन सर त्यावर कुठल्याशा हॉटेलात भाषण करून आले. डेटा शुद्ध असला पाहिजे, असं. "तुमचं नाव मी स्लाईडवर टाकलं होतं," ती म्हणाली. "त्यांनी काढलं." मग अडखळत म्हणाली, "परत या ना. नव्या नोंदी तपासायला खरंच माणूस लागतो. सर तयार आहेत. फक्त जुन्या गोष्टी उकरून काढायच्या नाहीत, असं लेखी द्यावं लागेल."

मी विचारलं, "ते शेरे काढून टाकले, त्या जागी काय आहे?"

"काही नाही. रिकामं."

"आत माणसं होती, ऋता."



मी सांगितलं, येईन. त्या रिकाम्या जागी खरं काय घडलं ते भरायचं. कोण अडकलं, किती वेळ, कुणी काढलं. आणि यापुढे कुणाच्याही तक्रारीवर शेरा पडला की तो त्याला वाचून दाखवायचा, त्याने हो म्हटल्याशिवाय मशीनला द्यायचा नाही. गप्प राहीन असं लेखी देणार नाही. सरांना सांग.

तासाभराने निरंजन सरांचा स्वतःचा फोन. "अटी घालण्याच्या जागेवर आहात का तुम्ही?"

"जागा तुम्ही दिलेली नाही," मी म्हणाले. "म्हणून तर विचारत नाहीये. सांगतेय."

त्यांनी फोन ठेवला. अजून कळवलेलं काही नाही.

मी थांबलेली नाही. दोनशे पानी वही आणली आहे. रविवारी आमच्या इमारतीत खालच्या मजल्यापासून सुरुवात केली. बेल वाजवते, नाव सांगते, आडनाव सांगते, मी काय केलं ते सांगते. मग विचारते, तुमच्याकडचं कोण अडकलं होतं? पहिल्या मजल्यावर आठ दारं. पाच तोंडावर बंद झाली. एकात शिवी मिळाली. दोन उघडी राहिली. एका बाईने बाळंतपणाच्या वेळचं सांगितलं, उभ्याउभ्या, मला आत न घेता. मी जिन्यावर बसून ते लिहिलं, तिला वाचून दाखवलं, तिने त्यातली वेळ दुरुस्त केली.

सतरा मजले आहेत. अकराव्यावर काकूंचंही दार आहे. ते मी गाळणार नाही.