वकिलाचा गळा

मॅडमच्या दवाखान्यातलं रिपोर्टांचं कपाट भरलं की रद्दी निघते. किश्शांना तसं गिऱ्हाईक नाही. ते डोक्यातच साठतात आणि चार माणसं चहाला बसली की बाहेर पडतात. तुम्हाला हसायचं तर हसा, माझं हसून झालंय!

माणसांचे एक्स-रे काढता काढता मी रिटायर झालो आणि धाराशिवात मॅडमनी जनावरांचा दवाखाना टाकला, तिथं लागलो. मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाई. कुत्र्यांच्या गळ्यातल्या गाठी काढण्यात त्यांचा हातखंडा. व्याह्यांना कळलं तर म्हणाले, "आता कुत्र्याचे फोटो काढता व्हय? लई प्रगती केली तुम्ही!"

मी म्हणालो, "कुत्रं निदान रिपोर्टवर स्वतःचं डोकं चालवत नाही."

तेव्हापासून त्यांनी आमच्याकडं चहा घेतलेला नाही.

*

येरमाळ्याचा एक गडी गळा सुजलेलं कुत्रं घेऊन आला. सुजेवर डाग! विळा लाल करून चटका दिलेला. त्या भाजलेल्या कातड्यावर सोनोग्राफी करायची, कुत्रं कळवळतंय आणि मी मालकाला शिव्या घालतोय. स्क्रीनवर पू दिसला, आणि पुवात सरळ पांढरी रेघ. बाभळीचा काटा! मॅडमनी एवढासा काप देऊन तो काढला आणि गड्याच्या तळहातावर ठेवला.

गडी काट्याकडं बघत म्हणाला, "म्हंजे डाग वरच्यावर बसला. अजून दाबून द्याय पायजे हुता!"

मॅडम हात धुवायला गेल्या. बराच वेळ नळ चालूच होता.

*

जळकोटच्या एका शेठचा लॅब्राडोर. गळ्यात पट्टा, पट्ट्याला पितळी घुंगरं आणि देवीच्या नावाचा ताईत.

"पट्टा काढा, गळ्याचा फोटो आहे."

"न्हाय निघायचा. नजर लागती."

अर्धा तास वाद घातला. शेवटी वैतागून तसाच काढला फोटो. फिल्मवर घुंगरं पांढरीशुभ्र, ताईत पांढराशुभ्र, मागचं काही म्हणजे काही दिसेना.

"गाठ दिसंना म्हंजे गाठ न्हायच की!" शेठ पेढे वाटून गेले.

महिन्याभरानं आले तेव्हा कुत्र्याला श्वास घेता येईना. आमच्या टेबलावरच गेलं बिचारं. तेव्हाही पट्टा गळ्यात होता.

त्या दिवशी मी नियम केला. गळ्याचा पेशंट दारात आला की पट्टा काढायचा, माझ्या खोलीतल्या खिळ्याला अडकवायचा, आणि गाठ निघेपर्यंत परत द्यायचा नाही. नियम म्हणजे नियम!

*

येडशीच्या पुढं, रामलिंगच्या जंगलाकडेला शेवंताबाई एकट्या राहतात. चार शेळ्या आणि एक कुत्रा, एवढंच घर. कुत्र्याचं नाव वकील, कारण समोरच्याचं ऐकूनच घ्यायचा नाही, भुंकतच राहायचा. त्याच्या जिवावर बाई जंगलाच्या तोंडाशी निर्धास्त.

"भाऊ, वकिलाचा आवाज बसलाय. लाळ गळती. पाण्याला तोंड लावतंय, पर गिळवंना."

मी आधी त्याचा लाल पट्टा काढला. एक्स-रेत श्वासनळी एका अंगाला ढकललेली, शेजारी लिंबाएवढी गाठ.

मॅडम म्हणाल्या, "गाठ रक्तवाहिनीला बिलगली असेल तर हात लावता येणार नाही. नसेल तर वकील वाचतो. ते सीटी स्कॅनशिवाय कळायचं नाही."

"ह्याच्याबिगर मला कोण हाय?" शेवंताबाई म्हणाल्या. "लागंल ते करा."

*

सीटीचं मशीन सोलापुरात, तेही माणसांचं. तीन ठिकाणी हाकलून दिलं. चौथा म्हणाला, रविवारी दुपारी या, मागच्या दारानं, आणि कुत्रं आहे हे कुणाला कळता कामा नये.

वकिलाला गुंगीचं इंजेक्शन देऊन पांढऱ्या चादरीत गुंडाळला आणि स्ट्रेचरवर घातला. बाकड्यावर एक बाबा बसले होते. ते उठले, टोपी काढली, हात जोडले.

"किती वय होतं?"

मला खोटं बोलता येत नाही. "नऊ."

"अरारारा! लेकरू गेलं की!" बाबा रडायलाच लागले. शेजारच्या दोघी बायांनी पदर डोळ्यांना लावला. ते बघून शेवंताबाईंनाही रडू फुटलं.

वकिलासाठी एवढी माणसं पुन्हा कधी रडली नाहीत.

सीटीत गाठ मोकळी निघाली. रक्तवाहिनीपासून साफ अलग! मॅडमनी टाळीच वाजवली. गुरुवारी सकाळी ऑपरेशन ठरलं. शेवंताबाईंनी फिल्म मागून घेतली. म्हणाल्या, "वकिलाचा एक बी फोटो घरात न्हाय." मी गाठीभोवती पेनानं गोल करून दिला. त्यांनी पट्टाही मागितला.

"गुरुवारनंतर," मी म्हणालो. "नियम आहे."

*

गुरुवारी शेवंताबाई वेळेवर आल्या. हातात फिल्म. एकट्याच.

बाकड्यावर बसून त्यांनी सांगितलं. आदल्या दुपारी वकील तहानेनं पलीकडच्या वस्तीवरच्या हौदाला गेला. तोंडाला लाळ, आवाज घोगरा, पाणी गिळता येईना, गळ्यात पट्टा नाही. कुणीतरी ओरडलं, "पिसाळलंय!" काठ्या घेऊन माणसं जमली. तोवर बाई धावत पोचल्या होत्या.

"पिसाळलं न्हाय ओ! गळ्यात गाठ हाय त्याच्या, माज्याकडं फोटो हाय!"

"मग आणा फोटो," माणसं म्हणाली.

बाई घराकडं पळाल्या आणि फिल्म घेऊन पळतच माघारी आल्या.

"थांबले नाहीत?" मी विचारलं.

"न्हाय. म्या येईस्तवर वकील संपला हुता." मी खोलीत जाऊन खिळ्यावरचा लाल पट्टा काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"फोटो मातुर समद्यांनी बघितला," त्या म्हणाल्या. "उन्हाकडं धरून, ह्या हातातनं त्या हातात. तुमी केलेल्या गोलावर बोट ठिवून म्या दाखवलं, ही बघा गाठ."

त्यांनी पट्ट्याचं बक्कल लावलं, काढलं, परत लावलं.

"समद्यांना पटलं, भाऊ."