घाटंजीच्या वावरातली रील

पुण्याहून निघताना माझ्या पिशवीत दोन कॅमेरे, तीन चार्जर आणि शेतकऱ्यांना शिकवण्याचा अफाट उत्साह होता. शेतीचं ज्ञान तेवढं घ्यायचं राहिलं. पण आमच्या संस्थेत त्यावाचून कोणाचं अडत नाही. फवारणी सुरक्षित कशी करावी, याची एक रील बनवायची, एवढंच काम.

यवतमाळच्या स्टँडबाहेर तर्रीपोहे (झणझणीत रस्सा ओतलेले पोहे) खाल्ले, डोळे पुसले आणि घाटंजीची एसटी धरली. दोन्ही बाजूंना कपाशी, मधूनच तुरीच्या ओळी. खिडकीतून सगळं चित्रित केलं. नंतर पाहिलं, तर कपाशीपेक्षा माझा अंगठाच जास्त आला होता.

घाटंजीपुढच्या गावात दिलीपभाऊ आणि त्यांची बायको सुनंदाताई वावरात (शेतात) वाट पाहत होते. भाऊंनी मास्क, चष्मा, हातमोजे, सगळं चढवलेलं. मी नाक मुरडलं.

"भाऊ, मास्क काढा. लोकांना चेहरा आवडतो."

"काढून कसं चालंन?" सुनंदाताई म्हणाल्या. "पंपात औषध हाय, पाणी नाही."

"दोनच मिनिटं, ताई."

"राहू दे वं," भाऊ हसले. "साहेब पुण्याहून आले."

चेहऱ्यावर ऊन पडावं म्हणून मी त्यांना वाऱ्याकडे तोंड करून उभं केलं. तिसऱ्या वेळी फवारता फवारता ते बांधावर बसले. "डोकं गरगरून राह्यलं," म्हणाले आणि ओकले.

ताईंनी त्यांचा शर्ट उतरवला, हात-तोंड साबणानं धुतलं. शेजाऱ्याच्या गाडीतून आम्ही दवाखाना गाठला. वाटभर मी भाऊंचा हात धरून बसलो होतो. तो घामानं भिजलेला होता की माझा, कळत नव्हतं.

वेळेत आणलं, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा संध्याकाळ झाली होती. मी ताईंची माफी मागितली आणि व्हिडिओ पुसायला मोबाइल काढला.

"पुसता काहून? काय केलं ते तुमच्या तोंडानं सांगा," त्या म्हणाल्या. "अन् टाका आमच्या गावच्या ग्रुपवर. लोकायले चेहरा आवडते ना? तुमचा दाखवा."

दवाखान्याच्या पायरीवर बसून मी सांगितलं. मोबाइल ताईंनीच धरला.

दोन दिवसांनी भाऊ चालत घरी आले, तेव्हाच मी परतीची एसटी धरली. तोवर तो व्हिडिओ गावोगाव फिरला होता. पुण्यात आमच्या संस्थेचे साहेब खूश. आमची रील प्रथमच कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांपलीकडे पोहोचली होती.

"झकास!" ते म्हणाले. "फक्त आपल्या पेजवर टाकण्याआधी 'मास्क मी काढायला लावला' हे वाक्य काप. संस्थेला शोभत नाही."

मी नाही म्हणालो. इतक्या वर्षांच्या नोकरीतला हा माझा पहिला नकार. तोच नकार त्या दिवशी वावरात स्वतःला दिला असता, तर ताईंना दोन दिवस दवाखान्याच्या बाकावर काढावे लागले नसते.